वाचायचा डोळा

माझ्या सासूबाईंना डोळे दोन होते, पण वाचायचा डोळा एकच, डावा. उजव्यात लहानपणी खळ्यावर गव्हाचं कुसळ गेलं होतं. तेव्हापासून त्या डोळ्याला समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. डाव्यानं मात्र त्या ग्रंथ वाचायच्या. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बजाजनगरात आमच्या गल्लीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि वाचणारी बाई ठरलेली होती. पांढरी साडी, डोक्यावर पदर, बोट ओळीवर, समोर माईक. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. दोन लेकरं झाल्यावर पिशोरला, आमच्या गावी, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात कंदिलाच्या उजेडात अक्षर शिकल्या. त्यामुळं वाचन सावकाश, शब्द ठोकून घेत, जोडाक्षर आलं की जरा थांबून. बायका म्हणायच्या, शिकलेल्या पोरी वाचतात ते नुसतं पळतं, ह्यांनी वाचलेलं डोक्यात राहतं.

मी त्यांची सून. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तेव्हा इथंही तेच म्हणते. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे, म्हणजे बनून आलेल्या पार्टमधली खोट शोधायची आणि सापडली की तो पार्ट लाल पेटीत टाकायचा. असला धंदा करणारी बाई घरी आल्यावर गोड बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. आमचं दोघींचं गूळपीठ होतं असं कुणी म्हणालं तर माझा नवरा पोट धरून हसेल. त्यांना माझ्या भाकरीची कड जाड वाटायची आणि मला त्यांचा आवाज. पण एक गोष्ट मी भांडणातसुद्धा मान्य करायचे. ह्या बाईच्या डोक्यात जळमटं नव्हती. गळ्यात गंडा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही, कुणाची दृष्ट काढणं नाही. माझं पोर तान्हं असताना एकदा सारखं रडायला लागलं, तर माझी सख्खी आई मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन उठली. आत्याबाईंनी तिची मूठ उघडून मीठ परत बरणीत टाकलं आणि पोराला पदराखाली घेऊन दवाखाना गाठला. कान फुटला होता.

आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर आहे, तिथं पिशोरच्याच एक काकू राहतात. गावाकडं त्यांची मोठी शेती. लेक इकडं कंपनीत लागला आणि नवरा वारल्यावर त्याही इकडं आल्या. आत्याबाई तरुणपणी त्यांच्याच रानात खुरपायला जायच्या. तेव्हा काकू ओट्यावरून पाणी ओतायच्या आणि आत्याबाई खाली उभं राहून ओंजळीनं प्यायच्या. आता दोघींच्या गच्चीवर एकाच कंपनीची काळी टाकी आहे आणि नळाला पाणी आलं की दोघी एकमेकींना हाक मारतात. गावात काकू त्यांना नुसतं 'ए' म्हणायच्या, इथं 'ताई' म्हणतात. आत्याबाईंनी मात्र गावचं संबोधन सोडलं नाही. त्या 'पाटलीणबाई' म्हणायच्या आणि त्यात मान किती अन् चिमटा किती, हे मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

सुईला आत्याबाई घाबरत नव्हत्या हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अडाणी म्हातारीची गोष्ट म्हणून सोडून दिलं जाईल. करोनाच्या लसीच्या वेळी गल्लीतल्या अर्ध्या बायका घरात दडून बसल्या होत्या. कुणी सांगे वांझपण येतं, कुणी सांगे माणूस दोन वर्षांत मरतो. आत्याबाई पहिल्या दिवशी टोचून आल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून दारोदार फिरून बायकांना रांगेत उभं करायला लागल्या. "मी मेले का? नाय ना? मंग चल," एवढंच त्यांचं भाषण. काकूंनाही त्यांनीच हाताला धरून नेलं होतं. सरकारनं जी सुई दिली ती त्यांनी घेतली. जी दिली नाही, ती असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मला तरी कुठं होतं? लस म्हणजे तान्ह्या लेकराची, पोलिओची, फार तर लोखंड लागल्यावर धनुर्वाताची. म्हातारपणी घ्यायच्या लसी असतात, न्यूमोनियाची, दर वर्षी फ्लूची, आणि ती तिसरी, हे आमच्या घरात, कंपनीत, गल्लीत कुणीही कधी बोललं नव्हतं.

बीपीच्या गोळ्यांसाठी आम्ही ज्या दवाखान्यात दर महिन्याला जातो, तिथं बाकाच्या वरच भिंतीवर एक मोठं पोस्टर आहे. पांढऱ्या केसांचं गोरंगोमटं जोडपं बागेत हसतंय आणि खाली सगळं इंग्रजी. त्या पोस्टरखाली आत्याबाई किती वेळा बसल्या असतील. त्यांना वाटायचं ती कुठल्या तरी विम्याची जाहिरात आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि समजावून सांगावं असं तिथं कुणाला वाटलं नाही. आज मला त्या हसऱ्या जोडप्याचा राग येतो.

त्या वर्षी वर्षावास सुरू होऊन महिना झाला असेल. आत्याबाईंचं डोकं दुखायला लागलं. सगळं डोकं नाही, डाव्या बाजूचं कपाळ, भुवईपासून वर केसांत. टोचतंय म्हणायच्या, मधेच भाजतंय म्हणायच्या. वरून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी स्वतःच निदान केलं की रोज वाचून चष्म्याचा नंबर वाढला. माझ्या नवऱ्याला सोबत घेऊन सिटी बसनं शहागंजला गेल्या, नेहमीच्या चष्मेवाल्याकडं. त्यानं तपासून सांगितलं, "अम्मा, नंबर तो वहीच है." तरी त्यांनी हट्टानं काचा बदलून घेतल्या. घरी येऊन म्हणाल्या, आता बरं दिसतं. डोकं तसंच दुखत होतं.

दोन दिवसांनी सकाळी कपाळावर लाल चट्टा उठला आणि त्यावर बारीक पाण्यानं भरलेले फोड, घोळक्यानं. अर्ध्या कपाळावर, बरोबर मधोमध थांबलेले. एक फोड नाकाच्या शेंड्याशी. मी डबा भरत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, हे मुरूम नाहीत. दुपारी दवाखान्यात जाऊन या." त्या "बघू" म्हणाल्या. तेवढ्यात काकू विरजण मागायला आल्या, त्यांनी आत्याबाईंच्या कपाळाकडं पाहिलं आणि हातातली वाटी ओट्यावर ठेवली.

"अगं बाई. ताई, ही तर नागीण हाय."

आत्याबाईंनी कपाळावर पदर ओढला.

"दुर्लक्ष करू नका बरं का. तिचं त्वांड शेपटीला लागलं की माणूस ऱ्हात नाय. आपल्या पिशोरात एक जण उतरवतो. गेरूची काव लावतो, वरून मंत्र मारतो. माझ्या मालकाला झाली व्हती तवा त्यालाच बोलावलं व्हतं. सांगू का निरोप?"

आत्याबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. दुखण्यानं अर्धा ओढलेला होताच, बाकीचा अर्धा आता घट्ट झाला. त्या म्हणाल्या, "पाटलीणबाई, आमच्यात हे चालत नाय. नागीण-बिगीण काय नसतं. उष्णता हाय ती."

"नसतं कसं? डोळ्यानं दिसतंय की!"

"उष्णता हाय म्हनलं ना."

काकू विरजण न घेताच गेल्या. मला वाटलं विषय मिटला. विषय तिथं सुरू झाला होता. मी कामावर निघताना पुन्हा म्हटलं की दवाखान्यात जा, तर आत्याबाई माझ्यावरच उखडल्या. त्यांच्या मनात काय शिजलं होतं ते त्यांनी मला पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं, पण ते इथंच लिहिते, कारण त्याशिवाय हे कुणाला पटणार नाही. त्यांना वाटलं, नागीण ही गोष्टच खोटी. भूत, करणी, भानामती, तशीच नागीण. आई-बापानं धम्म घेतला त्या दिवशी घरातून जे काही उचलून बाहेर टाकलं, त्यातलीच एक. आणि आता दवाखान्यात गेलं आणि उद्या गल्लीत बोभाटा झाला की हिला नागीण झाली, तर ज्या बाईनं आयुष्यभर माईकवरून सांगितलं की असलं काही नसतं, तिनं काय तोंड दाखवायचं? त्यातून ती खोटी गोष्ट सांगितली कुणी, तर जिच्या ओट्याखाली ओंजळ धरली तिनं. तिचं खरं निघालं असतं तर आत्याबाईंना ते सोसलं नसतं.

असली चूक अडाणी बाई करत नाही. अडाणी बाई मंत्र मारून घेते आणि निदान रोग झालाय हे तरी मानते. आमच्या आत्याबाईंनी मंत्राबरोबर रोगही नाकारला.

मग सुरू झाला उष्णतेचा उपचार. सब्जाचं पाणी, मुलतानी मातीचा लेप, थंड पाण्याची पट्टी. पदर भुवईपर्यंत ओढून त्या संध्याकाळी विहारात जात राहिल्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ भांडत होते. नवऱ्याला म्हटलं, उचलून ने. तो आईचा लेक. म्हणाला, "ती म्हणते ना बरं आहे, मग कशाला मागं लागतेस?" कंपनीत मशीनवर सुताएवढा फरक पडला तर लाइन थांबवणारा माणूस आईच्या अर्ध्या कपाळाकडं बघून असं बोलला. मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

एका संध्याकाळी वाचता वाचता त्या थांबल्या. जोडाक्षराला थांबतात तशा नाही. बायका वाट बघत बसल्या. आत्याबाई ग्रंथ डोळ्याजवळ नेऊ लागल्या, मग लांब धरला, मग चष्मा काढून पदरानं पुसला. समोर बसलेल्या मुलीनं ग्रंथ हातातून घेतला आणि पुढं वाचायला लागली. त्या तिथंच माईकजवळ बसून राहिल्या. मी न्यायला गेले तेव्हा डावा डोळा लालभडक होता आणि पापणी सुजून मिटत आली होती.

आमच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि खुर्चीतच मागं टेकले. "नागीण आहे. किती दिवस झाले?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू त्यांनी शिवीच दिली. "डॉक्टरसाहेब, तुमीसुदिक?"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचे विषाणू शरीरातून जात नाहीत, मणक्याजवळ किंवा डोक्यातल्या नसेच्या मुळाशी पडून राहतात. वय झालं, ताकद कमी झाली की कधीतरी उठतात आणि त्या नसेवरून कातडीपर्यंत येतात. म्हणून एकाच बाजूला. शेपटी-तोंड सगळं खोटं, मंत्र खोटा, रोग खरा. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर आला तर डोळ्याला धोका असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू केल्या असत्या तर बराच फरक पडला असता.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का आजी?"

"आल्या व्हत्या," आत्याबाई म्हणाल्या. "माय म्हणायची, बाया आल्यात. दाराला लिंबाचा पाला बांधला व्हता."

साठ-पासष्ट वर्षं ते त्यांच्या आत पडून होतं. डॉक्टरांनी तिथूनच डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि मग सहज विचारावं तसं मला विचारलं, "लस दिली नव्हती का ह्यांना? पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते. दोन डोस."

मी भिंतीकडं बघितलं. ते जोडपं हसत होतं. आता त्या इंग्रजीतली अक्षरं मी एकेक करून वाचली. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे मराठीत का नाही लावलं?" ते म्हणाले, कंपनीवाले असंच देतात. माझा आवाज चढला. मी म्हटलं, दर महिन्याला आम्ही इथं येतो, तुम्ही बीपी बघता, गोळ्या लिहिता, एवढं एक वाक्य तोंडानं सांगायला काय झालं होतं? बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. डॉक्टर म्हणाले की लस महाग आहे, सांगितली तर लोकांना वाटतं डॉक्टर धंदा करतो, म्हणून आताशा ते सांगतच नाहीत. मला त्यांचं म्हणणं कळलं. राग मात्र गेला नाही, अजून गेलेला नाही.

डोळा गेला. एकदम नाही, सहा-सात खेपा झाल्या, थेंब झाले, गोळ्या झाल्या. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर व्रण पडला आणि भरला तेव्हा पांढरा डाग ठेवून गेला. आत्याबाईंना आता दोन्ही डोळ्यांनी माणूस उभा आहे एवढंच कळतं.

पण डोळा गेल्याचं दुःख त्यांना नीट करताही आलं नाही, कारण त्यापेक्षा मोठं दुखणं मागं राहिलं होतं. फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि आम्ही म्हटलं सुटलो. कपाळ दुखतच राहिलं. डॉक्टर म्हणाले, विषाणूनं नस खराब केली आहे, काहींची कळ काही महिन्यांत थांबते, काहींची वर्षानुवर्षं थांबत नाही, म्हातारपणी जास्त. आत्याबाईंची थांबली नाही. पंख्याचं वारं लागलं तरी कळ. कंगवा लावला तरी कळ. पदर डोक्यावर घेता येईना, कापड कपाळाला घासलं की भाजल्यासारखं व्हायचं. आयुष्यात ज्या बाईला मी उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं, ती दुपारी बंद खोलीत, पंखा बंद, उन्हाळ्यात, उघड्या डोक्यानं बसून असायची आणि कळ आली की ओरडायची. रडायची नाही, ओरडायची. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायला लागले होते. दिलेल्या गोळ्यांनी गुंगी यायची, दुखणं गुंगीच्या आतून चालूच. एकदा मला म्हणाल्या, "माजं डोस्कं ह्या बाजूनं कापून टाकता आलं तर बघ गं." मी भाकरी थापत होते. माझे हात थांबले आणि मी पिठातच रडले. हिच्याशी वीस वर्षं भांडले ती मी. भांडायला ती पुन्हा मिळावी असं मला त्या दिवशी फार वाटलं.

ह्या दरम्यान मी एक काम केलं. नवऱ्याला विचारलंच नाही, मोटरसायकलच्या मागं बसले आणि सांगितलं, दवाखान्याकडं घे. त्याची पन्नाशी उलटली होती. नागिणीची लस टोचून होईपर्यंत मी दारात उभी. आत्याबाईंना न्यूमोनियाची आणि फ्लूची टोचून आणली, त्यांनी दंड पुढं केला आणि एक शब्द विचारला नाही. नागिणीची त्यांनाही मागाहून दिली, ती पुन्हा उठू शकते म्हणून. तेव्हा मात्र त्या नर्सला म्हणाल्या, "आता आली व्हय गं तू?"

वर्ष झालं. पुन्हा आषाढ पौर्णिमा आली. त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, मला विहारात न्या. त्यांनी पांढरी साडी नेसली, पदर खांद्यावरच ठेवला. आम्ही दोघी हळूहळू गेलो. नव्या वाचणाऱ्या मुलीनं ग्रंथ उघडण्याआधी त्यांनी हात वर केला आणि माईक मागितला. वर्षभरात न आलेली बाई आली म्हणून विहार गच्च भरला होता. त्यांनी चष्मा काढला. कपाळावरचे खड्डे, अर्धी गेलेली भुवई, डोळ्यातला पांढरा डाग, सगळं ट्यूबलाइटखाली आलं.

"बायांनो, बघून घ्या," त्या म्हणाल्या. "ही नागीण व्हती. पाटलीणबाईनं मला सांगितलं व्हतं, ही नागीण हाय. मी नाय म्हनलं. उष्णता हाय म्हनलं. आठ दिस घरात बसले. म्हणून माजा डोळा गेला. तुमी तसं करू नका. रोग खरा असतोय. दवाखान्यात जावा. त्याची लस बी हाय, पन्नाशीच्या झाल्या असाल तर घ्या. घरातल्या म्हाताऱ्यांना द्या."

एवढं बोलून बसल्या. असल्या बाईला असलं बोलायला काय पडलं असेल ते मला माहीत होतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी मांडी बदलली आणि दुसरीकडं बघत बसले.

वाचन संपलं. बायका चपला शोधत होत्या. मी आत्याबाईंचा हात धरून पायरीवर उभी होते आणि आमच्या पुढ्यातच एक बाई दुसरीला सांगत होती, "ऐकलंस का? सवताच्या तोंडानं कबूल केलं म्हातारीनं. तवाच पिशोरच्या माणसाकडनं उतरवून घेतली असती तर डोळा वाचला असता."

दुसरी म्हणाली, "व्हय ना. लई ताठा व्हता."

मी तोंड उघडलं होतं. आत्याबाईंनी माझा हात दाबला. कानाला त्यांच्या काहीच झालेलं नव्हतं. आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाल्या, "मंग मी पदर कशापायी काढला गं?" त्या आत गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. दोन दिवस त्यांनी चहाखेरीज काही घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. काकू आल्या. ते घडल्यापासून विरजण मागणं बंद झालं होतं, हाक मारणंही कमी झालं होतं. त्या आत्याबाईंच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"ताई, ती सुई कुठं टोचत्यात?"

आत्याबाई वळल्या. "तुमाला कुनी सांगितलं? तुमी तर विहारात नव्हत्या."

"मला कशाला कोन सांगाया पायजे? ही भिंत काय जाड हाय का? वरीस झालं, दुपारच्याला तुमी वरडता ते मी ऐकते. मी टीव्ही मोठा करते, तरी ऐकू येतं. मला ते नको बाई."

मी मधे पडले. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तुमचा पिशोरचा माणूस आहे ना उतरवायला?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "त्यानं माझ्या मालकाची उतरवली ना. काव लावली, मंत्र मारला, समदं केलं. छातीवर व्हती त्यांची. फोड गेले, पर मालक मरेस्तोवर सदरा अंगाला लावून घेत नव्हते. असंच वरडायचे."

"आणि तरी तुम्ही आत्याबाईंना त्याचंच नाव सांगितलं?"

"मंग दुसरं कुनाचं सांगू? मला दुसरं कोन ठावं व्हतं?"

आत्याबाई उठून बसल्या आणि भिंतीवर चाचपडत साडीची घडी शोधायला लागल्या. "चला," त्या म्हणाल्या. "मी येते संगं."

मी रिक्षा आणली. दवाखान्यात त्या दोघी त्याच पोस्टरखाली बाकावर बसल्या. काकू सुईला फार घाबरतात हे मला तेव्हा कळलं. नर्सनं कापूस चोळला तशी त्यांनी आत्याबाईंचं मनगट पकडलं आणि टोचून होईपर्यंत सोडलं नाही. बाहेर येऊन बसल्या आणि दंड धरून कण्हायला लागल्या. नर्स म्हणाली, थोडा ताप येईल, हात दुखेल, दुसरा डोस विसरू नका.

"ताई, लई ठणकतंय हो," काकू म्हणाल्या.

आत्याबाई समोर कुठंतरी बघत होत्या. "किती दिस दुखंल म्हनली ती?"

"दोन दिस म्हनली."

"दोन दिसांनी थांबनार हाय ना? मंग त्याला दुखनं म्हनू नका, पाटलीणबाई."